नांगर न लागलेला कोपरा

माझं काम काय होतं, असं कुणी विचारलं की मी खरं तेच सांगते. तलावात गवत लावायचं. ऐकणारा आधी हसतो. मी हसत नाही असं दिसलं की गप्प होतो आणि मग हळूच विचारतो, "पण गवत तर आपोआप उगवतं ना?" हा प्रश्न मला माझ्या सख्ख्या भावानं विचारला आहे, बँकेतल्या साहेबांनी विचारला आहे आणि नागपूरच्या गाडीत शेजारी बसलेल्या अनोळखी बाईनंही विचारला आहे. सौंदडला मला 'गवतवाली बाई' म्हणतात. मी निवृत्त झाले, नाव काही निवृत्त झालं नाही.

तर आपोआप का उगवत नाही, ते आधी सांगते.

आमचा गोंदिया जिल्हा तलावांचा. जुन्या लोकांनी पाळी, म्हणजे मातीचे बांध, घालून पाणी अडवलं आणि त्या पाण्याच्या भरवशावर खाली धान पिकवलं. आज सौंदडपासून देवरीच्या जंगलापर्यंत बांधाला बांध लागून धानच आहे, आणि इटियाडोह धरणाचं पाणी पोचतं तिकडे तर उन्हाळ्यातही धान. बाहेरचे पाहुणे हे हिरवं पाहून 'काय निसर्ग आहे!' म्हणतात. तो निसर्ग नाही, ती शेती आहे. निसर्गाला आम्ही जागा ठेवली होती ती तलावाच्या काठापुरती. पाळीच्या समोरच्या बाजूला जमीन हळूहळू चढत जाते. तिथे भाद्रपदात गुडघाभर पाणी असतं आणि माघापर्यंत ते उतरून जातं. त्या उथळ पट्ट्यात पाणवनस्पती वाढतात, त्यांच्या आडोशाला मासे अंडी घालतात, पाखरं घरटी करतात. तलावाचा सगळा संसार त्या पट्ट्यात असतो. मधल्या खोल भागात नुसतं पाणी.

हा पट्टा आम्ही सगळ्यांनी मिळून संपवला. शेजारच्या बांधांनी दरवर्षी थोडं थोडं आत सरकून घेतलं. खतं आणि तणनाशकं उतारानं आत आली. मग आली बेशरम. हे जांभळ्या फुलांचं झुडूप दिसायला देखणं आहे आणि गुणानं नावाप्रमाणे. तोडलं तरी वाढतं, गाडलं तरी वाढतं, ढोरं तोंड लावत नाहीत. बेशरमनं काठ धरला की खालची सगळी वनस्पती मरते आणि वर ढोरांच्या खुरांनी गाळ दगडासारखा घट्ट होतो. अशा जमिनीत गवत आपोआप उगवत नाही. ते लावावं लागतं.

आमची संस्था लहान होती. नाव लिहीत नाही, कारण आता ती नाहीच. कामाची पद्धत अशी. उन्हाळ्यात तलाव आटला की गावातल्या ढिवरांना घेऊन बेशरम मुळासकट उपटायची, पाळीवर वाळवायची आणि जाळायची. ढिवर म्हणजे मासे धरणारा समाज. तलाव मेला तर सगळ्यात आधी त्यांची चूल विझते, म्हणून कामाला तेच यायचे. मग गाळ नांगरायचा. आषाढात पाणी चढू लागलं की दुसऱ्या चांगल्या तलावातून रोपं आणायची आणि चिखलात रोवायची, अगदी धानासारखी.

यात माणसं लागतात ती काही दिवसांपुरती. त्या दिवसांत तलावावर जत्रा असते. उरलेलं वर्ष वाट पाहायची. त्या वाट पाहण्याचा पगार मला मिळायचा. रोज लुनावर बसून एकेका तलावावर जायचं, काय रुजलं, काय कुजलं, कुठे म्हशी शिरल्या ते पाहायचं आणि परत यायचं. दिवसभरात बोलायला कुणी भेटलं तर भेटलं. घरी कुणी नव्हतंच. माझं लग्न झालं होतं, वर्षाच्या आत मी परत आले. कारण सांगत नाही, ते दिवाळीत फराळ करता करता वाचण्यासारखं नाही. आई-बाबा गेल्यावर स्टेशनजवळच्या घरात मी एकटीच. संध्याकाळची गाडी निघून गेली की घर जास्तच गप्प व्हायचं, म्हणून मी कित्येकदा मुद्दाम उशिरा परतायची.

कामात माणसं एकेक नमुनेदार भेटली. एका सरपंचांना तलावात फक्त कमळंच हवी होती. कमळाचा फोटो चांगला येतो म्हणे. मी म्हटलं, साहेब, मासा फोटो पाहून अंडी देत नाही. ते रागावले आणि काम वर्षभर अडकलं. माझी जीभ मला कायम महाग पडली आहे. दुसऱ्या एका गावानं आम्ही लावलेला काठ पोकलेननं खरवडून तलावाचा हौद केला आणि वर 'सेल्फी पॉइंट' असा बोर्ड लावला. त्या हौदाकडे जायला मला अजून जमत नाही.

पण सगळ्यांत मोठा नमुना म्हणजे फागू. देवरीकडे जाणाऱ्या हायवेवरून थोडं आत एक गाव आहे. तिथल्या मोठ्या तलावावर तो राखणदार होता. ढिवर, उंच, अत्यंत मायाळू आणि काम अंगावर घेणारा. पहिल्या वर्षी रोपं लावून झाली आणि मी दुसऱ्या तलावांच्या मागे लागले. परत आले तर लावलेल्या सगळ्या पट्ट्याभोवती कुंपण. ओळीनं खुंट्या ठोकलेल्या, मधे काटक्या विणलेल्या, अगदी नजर लागावी असं.

"म्हशी शिरून राहिल्या होत्या जी," फागू म्हणाला. "मी कुंपन करून टाकलो."

"कशाचं केलंस?"

"बेशरमचंच. पाळीवर मोप पडली होती न. जाळाची तं होतीच, म्हटलं कामाले येईन."

आमच्याकडे घरोघरी परसाला बेशरमचंच कुंपण असतं. खुंटी ठोकली की ती रुजते आणि कुंपण आपोआप जिवंत होतं, म्हणून तर लोक ती लावतात. फागूच्या हातांनी जन्मभर जे केलं तेच केलं. सगळ्या गावानं मान मोडून काढलेली बेशरम त्यानं ओळीत, अंतर राखून, परत तलावातच लावून दिली होती. खुंट्यांना कोवळी पानं फुटलेली मला लांबूनच दिसली. फागूला वाटलं मी कौतुकानं पाहते आहे. "छान फुटली न?" तो म्हणाला. मी पाळीवर बसून हसत सुटले. मग आम्ही दोघांनी चिखलात उतरून ती एकेक उपटली.

पाळीवर बसून हे सगळं पाहणारी आणखी एक बाई होती. भागरतामाय. फागूच्या नात्यातली, नवरा गेलेला, मुलगी देवरीला दिलेली, झोपडी पाळीच्या पायथ्याशी. तिला पहाटेपासून पाळीवर बसायची सवय होती. मी गेले की सरकून जागा द्यायची. आम्ही फार बोलायचो असंही नाही. पण कुणीतरी आपल्यासाठी सरकून जागा देतं, याची मला इतकी सवय झाली की बाकीच्या तलावांवर मी घाईघाईनं काम आटोपून इकडे यायला लागले.

दोन पावसाळे गेले आणि तलाव उठला. मरळ दिसायला लागली. आम्ही इटियाडोहकडच्या एका तलावातून देवधानाची रोपं आणली होती, तीही दाट लागली. देवधान म्हणजे रानटी धान. ते कुणी पेरत नाही. पाण्यात उगवतं, दाणा पिकला की आपोआप गळून पाण्यात पडतो आणि पुढच्या पावसात परत उगवतो. दाण्याला लांब लाल कुसळ असतं. एका हिवाळ्यात त्या देवधानात सारस पक्ष्यांचं जोडपं उतरलं. माणसाच्या उंचीचे ते पक्षी दिवसभर तिथे उभे राहिले आणि निघून गेले. जन्मभराच्या पगारापेक्षा मला तो दिवस मोठा वाटला.

कार्तिकात मी टोपलीभर देवधान झाडून आणलं आणि मोठ्या तोऱ्यात भागरतामायपुढे ठेवलं. ती ऋषीपंचमीचा उपास करते आणि त्या दिवशी देवधान खाते, एवढं फागूकडून कळलं होतं. वाटलं, म्हातारी खूश होईल.

तिनं दाणे हातावर घेतले. कुसळ चोळून पाहिलं. मग विचारलं, "कोन्या बाजूचं हाय हे?"

"आपण लावलं ना माय, त्याच पट्ट्यातलं."

"तिथं नांगर फिरला होता न?"

"हो. त्याशिवाय लागलंच नसतं."

"मंग हे मले चालत नाही," ती म्हणाली आणि दाणे परत टोपलीत ठेवले. एकही खाली सांडू दिला नाही.

आमच्या घरात छप्पन साली आजोबांनी दीक्षा घेतली, तेव्हापासून उपास नाही, व्रत नाही, सोवळंओवळं तर नाहीच. ऋषीपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नसतं हे मी ऐकलं होतं. पण तलावातल्या गाळावरून एकदा नांगर फिरला म्हणून देवधानही बाद, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. मला रागच आला. मी फटकन म्हणाले, "माय, इतकी माणसं राबली, आणि तुम्हाला बैलाचं पडलं?"

ती रागावली नाही. "बस," म्हणाली. मी बसले. मग तिनं जे सांगितलं ते मी तिच्याच शब्दांत लिहिते.

"आमच्याजवळ वावर नाही, बैल नाही. सालभर आमी लोकायच्या बांधीत रोवना कराले जातो. त्यायच्या ओसरीच्या खाली बसतो, वरून देतीन ते खातो. पन ऋषीपंचमीच्या आंधी पाटलीन माह्या दारात येत होती. हातात सूप घेऊन. 'भागरता, देवधान हाय काय वो?' मी म्हनत होती, 'बसा जी, पायते.' घरात गाडगं भरून राहे, तरी 'पायते' म्हनो आन आत जाऊन उभी राहो. थोडा वेळ बसू देत होती तिले माह्या दारात. मंग देत होती."

ती तोंडाला पदर लावून हसली. मीही हसले. मग म्हणाली, "तलाव गेला, देवधान गेलं. आता त्या दुकानातून भगर आनतेत. माह्या दारात कोनी येत नाही."

त्या दिवशी माझ्या कामाचा अर्थच बदलला. मासे, पाखरं, पाण्याची पातळी हे सगळं मला पाठ होतं. पण बिनशेतीच्या बाईच्या दारात शेतीवाली बाई वर्षातून एकदा बसायची, आणि हेही त्या काठाच्या गवतावर उगवत होतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. माझी आजी पाटलांच्या अंगणात कुठे उभी राहायची हे मी आईकडून ऐकलेलं आहे. म्हणून मला ते सूप घेऊन बसलेली पाटलीण फार आवडली. ती मला परत त्या दारात बसलेली हवी होती.

मी विचारलं, "हातानं खणलेलं चालतं?"

"हाताले कोन जू लावते? चालते."

"आणि नांगरलेल्या बाजूचं बी वाऱ्यानं तिकडे गेलं तर?"

"वाऱ्याले कोन जुंपते पोरी?" असं म्हणून ती झोपडीत गेली आणि एक लहान गाडगं घेऊन आली. तळाशी ओंजळभर देवधान होतं, तलाव जिवंत होता तेव्हाचं. दरवर्षी चिमूटभर शिजवून ती उपास धकवत होती. तिनं ते सगळं माझ्या ओढणीत ओतलं. "हे पेर," म्हणाली. जुनं बी. उगवलं नाही तर तिच्या उपासाला त्या चिमटीचाही आधार उरणार नव्हता. मी अर्धं परत करायला गेले तर तिनं गाडगं पालथं घातलं.

त्याच वर्षी संस्थेची मदत थांबली आणि थोड्याच दिवसांत संस्थाही. सत्कार झाला, शाल मिळाली, मी निवृत्त. सहकारी नागपूर-रायपूरला पांगले. मी मात्र उन्हाळ्यात कुदळ घेऊन तलावाच्या वरच्या कोपऱ्यात जाऊ लागले. मातामायच्या, म्हणजे गावदेवीच्या, ठाण्याजवळचा हा कोपरा. तिथे दगड होते म्हणून ना बैल गेला होता ना ट्रॅक्टर. गाळ असा कडक की कुदळ उडून यायची. मी सकाळी थोडं खणायची, ऊन चढलं की घरी. फागू मदतीला यायचा, पण त्याला मजुरीवर जावं लागायचं. पूर्वी मी एकटी असायची ती कामाच्या निमित्तानं. आता कामही नव्हतं. एक निवृत्त बाई आटलेल्या तलावात बसून हातानं जमीन उकरते आहे, हे हायवेवरून येणारे लोक गाडी थांबवून पाहायचे. कुणी पाण्याची बाटली द्यायचं. कुणाला वाटायचं, डोकं फिरलं आहे. संध्याकाळी आरशात पाहिलं की मलाही तसंच वाटायचं.

पहिल्या वर्षी थोडी रोपं आली. ती पाणी एकदम चढल्यानं कुजली. तरी दोन-चार बुडखे तगले, त्यांचेच दाणे तिथे गळू दिले. पुढच्या वर्षी बरी आली, पण नवीन भानगड उभी राहिली. कोपऱ्याला लागून खेमराज पटले यांची बांधी, म्हणजे धानाचं शेत. घर गावच्या पाटलांचं, खातंपितं, माणूस कष्टाळू. एके दिवशी तो पाठीवर फवारणीचा पंप घेऊन माझ्यापुढे उभा राहिला.

"म्याडम, तुमी माह्या धुऱ्याले करगा पेरून राहिल्या."

शेतकऱ्याच्या भाषेत देवधान म्हणजे करगा. धानात मिसळला की ओळखू येत नाही, धान पिकायच्या आधीच गळून जातो, पुढच्या वर्षी दुप्पट येतो. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. आपण ज्याला निसर्ग म्हणतो ते दुसऱ्याच्या शेतात तण असतं, हे या धंद्यात पहिल्या दिवशीच शिकावं लागतं.

मी त्याच्या घरी गेले. ओसरीत त्याची आई पारबताबाई गुडघ्याला तेल चोळत बसली होती. मी खेमराजला सांगितलं, कोपरा आणि बांधी यांच्यामध्ये मी मोकळी पट्टी ठेवते, आणि तुमच्या बांधीत एकही लाल कुसळ दिसलं तर मी स्वतः येऊन उपटून देते. तो म्हणाला, "एवढं कायले करता? कोन खाते ते?" मी म्हटलं, "भागरतामाय खाते. ऋषीपंचमीला." पारबताबाईंचा हात गुडघ्यावर थांबला. खेमराजनं मानेनंच 'ठीक' म्हटलं. त्यानंतर दर आश्विनात मी त्याच्या धानात वाकून करगा शोधत फिरायची. स्वतः लावलेलंच स्वतः उपटत फिरणारी बाई जिल्ह्यात मी एकटीच असेन.

त्या कार्तिकात कोपरा पिकला. देवधान ऊन चढायच्या आत झाडावं लागतं, नाहीतर दाणे पाण्यात जातात. फागूनं भागरतामायला उचलून डोंग्यात बसवलं. तिला आता धड चालवत नव्हतं. ती एका हातानं लोंबी वाकवायची, दुसऱ्या हातानं हळूच टोपलीत झटकायची. निम्मे दाणे पाण्यात पडत होते. मी हळहळले तर म्हणाली, "ते तलावाचं हाय. पडू दे." मी चिखलात उभी राहून डोंगा धरून ठेवला होता. इतका आनंद मला क्वचितच झाला असेल, आणि तो झाल्याचं तेव्हाच कळत होतं.

पुढच्या भाद्रपदात ऋषीपंचमीच्या आदल्या दिवशी मी तिच्या झोपडीवर गेले. तिनं अंगण सारवून घेतलं होतं. दारात धुतलेलं पोतं अंथरलं होतं, कुणी आलं तर बसायला. देवधान कांडून, पाखडून ठेवलं होतं, एकटीला लागेल त्याच्या कितीतरी पट. ती उंबऱ्याशी बसली आणि मी बाजूला. रस्त्यावरून बाया गेल्या, कुणी गणपतीची फुलं घेऊन, कुणी मोबाइलवर बोलत. दुपार झाली, कलली. दुसऱ्या दिवशीही मी गेले. पोतं तसंच होतं. तिनं आपल्यापुरतं शिजवलं, मलाही घासभर दिलं. मी उपासाची नाही म्हटल्यावर म्हणाली, "घासाले उपास नाही लागत."

कोणीच आलं नाही.

संध्याकाळी पोतं झटकून घडी करताना ती म्हणाली, "देवधान लावता येते पोरी. बाया लावता येत नाही."

तिनं उरलेलं बिनकांडलेलं देवधान गाडग्यात भरून माझ्या हातात दिलं. "तुह्याकडं ठेव. माह्या घरी उंदरं झाली." तिच्या घरी उंदीर नव्हते. मी ते गाडगं लुनावर पायांमध्ये धरून घरी आणलं आणि स्वयंपाकघरात फळीवर ठेवलं.

हिवाळ्यात ती गेली. मुलीकडून निरोप आला तेव्हा माती होऊन गेली होती. मी पाळीवर जाऊन आमच्या जागी बसले. बसताना सवयीनं थोडी बाजूला बसले, तिची जागा सोडून. कोपऱ्यात तिनं पडू दिलेल्या देवधानाचं पुढचं बी या पावसात उगवलं, दाट. फागू म्हणाला, यंदा तं पायाले बी जागा नाही. सांगायला कुणी नव्हतं. भावाला फोन केला, तो म्हणाला, "बरं झालं, पण आता तब्येतीकडे बघ." तब्येतीचं त्याचं बरोबर आहे. गवत मात्र त्याला कळत नाही.

यंदाच्या ऋषीपंचमीच्या आदल्या दिवशी दुपारी माझ्या दारासमोर ऑटो थांबला. काठी टेकत एक म्हातारी उतरली. पारबताबाई. एका हातात सूप, सुपात तांदूळ, त्यावर फडकं. आमच्या वस्तीत ती याआधी कधी आली नसावी. फाटकाशी उभी राहून तिनं घराकडे पाहिलं, भिंतीवरच्या तथागताच्या चित्राकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे.

"मागच्या साली याचं होतं," ती म्हणाली. "पोरगा म्हने, भगर आनून देतो, कायले जातेस. पाय बी चालत नव्हते. मंग कळलं भागरता गेली. राहूनच गेलं." तिनं काठी फाटकाला टेकवली. "मी नवरी होती तवापासून तिच्याच घरून आनत होती. आता फागू सांगे, तुमच्याजवळ हाय." आणि मग, जन्मभर पाठ असलेलं वाक्य म्हणावं तसं तिनं विचारलं, "देवधान हाय काय जी?"

गाडगं आत फळीवर होतं. दारातूनसुद्धा दिसलं असतं.

"बसा जी, पाहते," मी म्हणाले.

ती बसली. माझ्या उंबऱ्याला लागून, खाली. मी खुर्ची पुढे केली तर हातानंच नको म्हणाली. "पानी द्या थोडं," म्हणाली.

मी आत गेले. गाडग्यापुढे उभी राहिले. पाटलिणीला थोडा वेळ दारात बसू द्यायचं, म्हणून उभी राहिले होते. पण मग मलाच बाहेर जाता येईना. भागरतामाय आत जाऊन उभी राहायची तेव्हा काय करत असेल, हे मी तिला कधी विचारलं नव्हतं. मी पदरानं डोळे पुसले, तांब्या भरला आणि बाहेर आले. पारबताबाईंनी तांब्या तोंडाला लावला आणि सगळं पाणी पिऊन टाकलं.